मन लागत नाही म्हणतोस, त्याबद्दल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

‘आयटीआय झालं, नोकरी लागली, आता पुढं शिकावंसंच वाटत नाही. मी आळशी झालोय का?’ असं विचारलंस. अरे, आळशी माणूस तिसऱ्या पाळीत उभा राहून लेथ चालवत नाही. तू थकतोस. दर आठवड्याला पाळी बदलते, झोपेचं गणित बिघडतं, खोलीवर पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. म्हणून रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यासाचं नाव काढू नकोस. पोटभर जेव, झोप पूर्ण कर.

बाकीच्या आठवड्यांचं मात्र बोलू. सीएनसीच्या, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या लेथच्या, प्रोग्रॅमिंगचा कोर्स तिसऱ्या व्हिडिओवर सोडलास याचं मला नवल वाटलं नाही. त्यातला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, तुझा नव्हता, मशीनही तुझं नव्हतं. सुरुवात तुझ्या हातातल्या जॉबपासून कर.

ड्रॉइंगवर बोअरला, म्हणजे जॉबमधल्या गोल भोकाला, २५ एच७ लिहिलेलं असतं. तू प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायची दांडी, लावतोस. गो बाजू आत गेली, नो-गो अडली, की जॉब ओके. पण एच७ कशाला? २५ च्या बोअरला त्याचा अर्थ २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. अवघे २१ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग), तेही फक्त वरच्या बाजूला. आत बसणारा शाफ्ट, म्हणजे दांडा, जी६ असेल तर तो २४.९८० ते २४.९९३. म्हणून तो अडकत नाही आणि खडखडतही नाही.

आता पुढचं. बरेच जॉब निघाले की बोअर लहान यायला लागतो. तू सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला, हाक मारतोस, तो वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठी मशीनला द्यायच्या आकड्यात, एक्सला (व्यासाच्या दिशेला) ०.०१ वाढवतो आणि निघून जातो. वाढवला का, कमी का नाही केला? इन्सर्टचं, म्हणजे टूलवरच्या कापणाऱ्या पात्याचं, टोक झिजलं की ते बोअरच्या भिंतीपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून टूल बाहेरच्या दिशेला सरकवायचं. बाहेरचा व्यास टर्न करताना याच्या उलट: झिजलेल्या टोकानं व्यास मोठा येतो आणि एक्स कमी करावा लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की तू हाक मारण्याआधीच आकडा सांगशील. सेटरची परवानगी लागेलच, ती घ्यायचीच. पण आकडा तुझा असेल.

हे त्याला चहाच्या सुट्टीत विचारता येतं. बहुतेक सेटर आनंदानं सांगतात, त्यांना कुणी विचारतच नाही. एका ‘का’चं उत्तर मिळालं की दुसरा ‘का’ आपोआप सुचतो आणि गोडी तिथं लागते. आधी गोडी लागू दे, मग शिकेन, असं म्हणत बसलास तर वर्षानुवर्षं बटण दाबत राहशील. मला ते बघवणार नाही. वर्गात तुझा हात बघितलाय मी.

डिप्लोमाची घाई नको. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ती वाट कुठं जात नाही. त्यातल्या त्रिकोणमितीची भीती वाटते ना? टेपर टर्निंगचा, म्हणजे जॉब निमुळता कापायचा, कोन काढताना तीच वापरायचास.

पुढच्या आठवड्यात पहिली पाळी असेल तर सुटल्यावर घरी ये. वहीत सेटरला विचारलेला एक तरी प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून आण. कोर्स तोवर बंदच राहू दे. आणि जेवायलाच ये, मेसचं रोजचं आहेच.

तुझे सर