रोखे कायद्याच्या वकिलीकडे वळणाऱ्या विद्यार्थिनीस

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लातूरच्या न्यायालयात वडिलांच्या हाताखाली बसावे, की मुंबईला जाऊन कंपनी आणि रोखे (म्हणजे शेअर, कर्जरोखे वगैरे) कायद्यात उतरावे, असे तू विचारले आहेस. दुसरी वाट धरणार असशील तर ती युक्तिवादापेक्षा पडताळणीची आहे, हे आधीच लक्षात घे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीपुढील सुनावण्या आणि रोखे अपील न्यायाधिकरणातील अपिले सोडली, तर या वकिलाचे बहुतेक दिवस कागद वाचण्यात जातात.

कंपनी भांडवल उभारायला बाजारात येते तेव्हा तिच्या माहितीपत्रकातील (प्रॉस्पेक्टसमधील) प्रत्येक विधानामागे कागद असावा लागतो. ‘कारखाना कंपनीच्या मालकीच्या जागेवर आहे’ एवढे एकच वाक्य घे. जागा एमआयडीसीची असेल तर ती भाडेपट्ट्याने मिळालेली असते आणि विधान तिथेच बदलावे लागते. खासगी असेल तर खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील दस्ताचा गोषवारा), सातबारा, फेरफार आणि अकृषिक आदेश मागवायचे. शिवाय आपल्या भागात निजामकालीन इनामाची नोंद मागे दडलेली नाही ना, जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली, असल्यास हस्तांतरणापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतली होती का, हेही तपासायचे. ज्या सातबाऱ्यापुढे मुंबईत वाढलेला सहकारी गोंधळेल, तो तू घरात लहानपणापासून पाहिला आहेस. ही पुंजी कमी लेखू नकोस.

माहितीपत्रकाचा मसुदा दाखल करण्याच्या आदल्या रात्री प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणारा, म्हणेल, “मॅडम, एवढी ओळ राहू द्या, कागद नंतर देतो.” तेव्हा शांतपणे ओळ काढायला लावणे, हीच या पेशातील खरी परीक्षा. माहितीपत्रकात दिशाभूल करणारे विधान गेले, तर 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 34 खाली फौजदारी आणि कलम 35 खाली नुकसानभरपाईची जबाबदारी येते. त्या रात्री रागावलेला प्रवर्तकच पुढचे काम घेऊन येतो, निदान शहाणा असेल तर.

सहारा समूह आणि सेबी यांच्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला 31 ऑगस्ट 2012 चा निकाल पूर्ण वाच, सारांशावर भागवू नकोस. तेव्हा लागू असलेल्या 1956 च्या कंपनी कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक लोकांना रोखे देऊ केल्यावर त्याला खासगी विक्री म्हणून सेबीच्या कक्षेबाहेर राहता येत नाही, हे त्यात ठरले आणि गुंतवणूकदारांचे पैसे 15 टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश झाला. दामदुप्पट योजनांत कापसाचे आणि सोयाबीनचे पैसे घालून बसलेली माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतात. त्यांच्यासाठी राज्याचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, पण तो बहुधा पैसे बुडाल्यावरच आठवतो. माहिती आधी उघड करायला लावणारा रोखे कायदा म्हणूनच मला अधिक मोलाचा वाटतो.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस, ती मसुदे वाचता वाचता सुधारते. ताळेबंद मात्र आपोआप येत नाही. तो एखाद्या सीएकडे बसून शीक, विशेषतः संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांचे नातेवाईक, त्यांच्याच इतर कंपन्या वगैरेंशी) झालेल्या व्यवहारांची टीप. गडबड असेल तर बहुधा तिथेच सापडते. जमल्यास कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षाही दे.

तूर्त एवढे कर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक भागात कारखाना असलेल्या एखाद्या सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीचे माहितीपत्रक उतरवून घे, त्यातील प्रलंबित खटल्यांचे प्रकरण वाच, ते दावे न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर शोध आणि आज ते कोणत्या टप्प्यावर आहेत, हे दिवाळीपूर्वी मला लिहून कळव.

कळावे. घरी सर्वांना नमस्कार.