परदेशी राहता? मग लस तिथेच घ्या, पण कार्ड नीट तपासून : वाचकांची प्रश्नोत्तरे

लातूरच्या माझ्या दवाखान्यात परदेशी राहणाऱ्या मुलांचे आई-वडील येतात, तेव्हा मोबाइलवर कुठले तरी पत्र उघडून पुढे धरतात : ‘मॅडम, हे काय मागत्येत बघा.’ या वेळचे प्रश्न तसेच आहेत.

प्रश्न : मी मूळचा उदगीरचा, सहा वर्षांपासून दुबईत आहे. कंपनी मला घानाला पाठवते आहे; विमानाला बाराच दिवस उरलेत. येलो फीवरच्या (पीतज्वराच्या) लसीसाठी मुंबईला येऊन जावे लागेल का? घानाहून मी थेट पुतणीच्या लग्नाला गावी येणार आहे.

मुंबईला यायची काही गरज नाही. दुबईतच घ्या, पण आज-उद्याच घ्या. ही लस टोचल्यावर तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणजे तुमच्या हातात दोनच दिवसांची सवड आहे. घानात हा दाखला नसेल तर प्रवेश नाही.

दाखला म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्याची पिवळी पुस्तिका. ती कुठल्याही देशात काढलेली सगळीकडे चालते. अट एकच : लस देणारे केंद्र त्या देशाच्या सरकारने मान्य केलेले हवे. आपल्याकडेही हाच नियम आहे, म्हणून मुंबई-पुण्याला जावे लागते. गल्लीतल्या डॉक्टरने टोचलेली लस विमानतळावर धरत नाहीत.

केंद्रातून बाहेर पडण्याआधी तिथेच उभे राहून पुस्तिका वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्टचा नंबर, तारीख, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का, सगळे हवे. माझ्या एका पेशंटने लस वेळेवर घेतली होती, पण कार्डावर शिक्का मारायचा राहिला. आफ्रिकेतून परतताना त्यांना विमानतळावरूनच विलगीकरणात नेले. घरी आई आजारी होती. लस अंगात असूनही माणूस अडकला, हे माझ्या मनातून जात नाही.

एवढी कडक तपासणी कशासाठी, असे पुष्कळ जण चिडून विचारतात. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या घरोघरी आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला रोज पाणी नाही, म्हणून आपल्याकडे दारात ड्रम आणि अंगणात हौद भरलेले असतात, आणि हा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. विषाणू घेऊन आलेला एक माणूसही इथे महागात पडेल. म्हणून अशा देशातून येताना दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. तेवढ्यात तुमच्याकडची हळद, लग्न, वरात सगळे उरकून जाईल.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, एचआयव्ही, केमोथेरपी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर टोचण्याआधी सांगा. ही जिवंत विषाणूची लस आहे.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत एम.एस. करतो. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या एकत्र लसीचे) दोन डोस दाखवा, नाहीतर पुढच्या सत्राची नोंदणी नाही, असे विद्यापीठाने कळवले. त्याचे लहानपणीचे कार्ड घर बदलताना हरवले. त्याचा जन्म २००२चा. इथून दाखला काढून पाठवू का? (अहमदपूर)

ताई, कुणाकडूनही अंदाजे तारखा टाकलेला दाखला काढू नका. आणि कार्ड सापडले असते तरी बहुधा भागले नसते. त्या काळी सरकारी लसीकरणात नवव्या महिन्याला गोवराची एकच सुई होती. दुसरा डोस २०१० नंतर आला. विद्यापीठाला गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींचे दोन डोस हवेत.

त्याने तिथेच विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात पहिला डोस घ्यावा, किमान २८ दिवसांनी दुसरा. पहिल्याची पावती दाखवून मुदत मागावी. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणीही पुष्कळ विद्यापीठे मानतात. लहानपणी डोस झालेला असला तरी पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही.

क्षयाची चाचणी मागितली, तर बीसीजी, म्हणजे लहानपणीची क्षयाची लस, घेतल्याचे त्याने आधी सांगावे. बीसीजीमुळे हातावरची चाचणी उगीच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची ‘इग्रा’ तपासणी त्याने फसत नाही.

प्रश्न : माझ्या येलो फीवरच्या कार्डावर २०२२पर्यंत वैध असे छापले आहे. परत टोचून घ्यायची का?

नको. ११ जुलै २०१६पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, जुन्या कार्डांनाही. पासपोर्ट नवा काढला असेल तर जुनाही जवळ ठेवा, कार्डावर त्याचाच नंबर असतो.

प्रश्न : लेक म्युनिकला असते. नातू चार वर्षांचा, नात दहा महिन्यांची. दिवाळीला महिनाभर अंबाजोगाईला येणार आहेत. ‘आपलीच माती, लशी कशाला?’ असे ह्यांचे म्हणणे आहे.

माती आपली खरी, पण नातवंडांचे अंग तिथल्या पाण्यावर वाढलेले आहे. लेकीचेही आता तसेच समजा.

नातीला एमएमआरचा पहिला डोस निघण्यापूर्वी द्या. जर्मनीत तो साधारण अकराव्या महिन्यात देतात, पण नवव्या महिन्यानंतर लवकर देता येतो. नातवाला कावीळ ‘ए’ची आणि टायफॉइडची लस द्यावी. कावीळ ‘ए’ची लस वर्षाच्या आत देत नाहीत, म्हणून नातीचे पाणी उकळलेलेच ठेवा, दात घासायच्या चुळीपर्यंत.

माझा सगळ्यात जास्त आग्रह रेबीजसाठी आहे. नातवाला आधीच सात दिवसांच्या अंतराने दोन सुया देऊन ठेवल्या, तर कुत्रे चावल्यावर फक्त दोनच डोस लागतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडे, लागत नाही, आणि तालुक्याच्या गावी ते रात्री-अपरात्री मिळवताना घरच्यांची काय धावपळ होते ते मी पाहिले आहे. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. सुया आधी घेतल्या असल्या तरी दवाखान्यात जायचेच.

रागावतील म्हणून लहान मुले ओरखडा लपवतात. नातू आल्याच्या पहिल्याच दिवशी जवळ घेऊन सांगा, कुत्र्याने नुसते चाटले तरी आजीला सांगायचे, आजी रागावणार नाही.