जाहिराती स्त्रियांकडे बघण्याची नजर घडवतात, की समाजात आहे तेच दाखवतात?

मी काही या विषयातली अभ्यासक नाही. कराडला वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, फोटो स्टुडिओ होता, आता तो मी चालवते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला जे उत्तर देतेय ते काउंटरच्या अलीकडे बसून पाहिलेलं आहे.

ऐंशीच्या दशकात आमचा निम्मा धंदा 'स्थळाच्या फोटो'वर चालायचा. मुलगी, तिची आई, सोबत एखादी आत्या. मागे बागेचा पडदा, बाजूच्या स्टुलावर प्लास्टिकची फुलं. फोटो काढून झाला की मुलगी केस सारखे करायला आरशाकडे जायची आणि तेवढ्यात आई काउंटरवर वाकून हळूच म्हणायची, "भाऊ, जरा उजळ काढा बरं का." 'गोरी करा' असं कुणी म्हणत नसे.

अप्पा "बघू" म्हणायचे आणि डार्करूममध्ये जायचे. आधी निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं डोळ्यांखालची वर्तुळं आणि मुरुमांचे डाग भरायचे. निगेटिव्हवर जे काळं करावं ते कागदावर पांढरं येतं. मग एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागद ठेवला की तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती दोन-तीन सेकंद चेहऱ्यावर धरायची. धरायची म्हणजे सतत हलवत राहायची, नाहीतर कड उमटते. तेवढा वेळ चेहऱ्याला उजेड कमी मिळाला की चेहरा उजळ येतो. उजेड अडवला की माणूस गोरं होतं, याची मला लहानपणी फार गंमत वाटायची.

आता या आयांना काही जाहिरातींनी शिकवलं नव्हतं. गोरेपणाचं वेड टीव्हीच्या किती तरी आधीचं. वधूवरांच्या छोट्या जाहिरातींत पदरचे पैसे मोजून लोक 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' छापायचे. 'निमगोरी' हा शब्द तर त्या सदराबाहेर मी क्वचितच ऐकलाय. तेव्हा जाहिरात म्हणजे समाजाचा आरसा, असं म्हणणारे अगदीच खोटं बोलत नाहीत.

पण काउंटरवरची भाषा बदलताना मी पाहिलीय. 'जरा उजळ' हे माप ढगळ होतं. किती उजळ, ते आईलाही सांगता यायचं नाही आणि अप्पाही विचारायचे नाहीत. पुढे घरोघरी केबल आली, आमच्याकडे कॉम्प्युटर आणि फोटोशॉप आलं, आणि मुली स्वतःच बोलायला लागल्या. एक जण तर कुठल्याशा क्रीमच्या खोक्यावरची पट्टी कापून घेऊन आली होती. पट्टीवर एकाच बाईचे चेहरे ओळीनं, सावळ्यापासून गोऱ्यापर्यंत. तिनं बोट ठेवून सांगितलं, "ताई, मी इथे आहे. मला इथपर्यंत न्या." दोन घरं पुढे. भिंतीला रंग निवडावा तसं. वय असेल एकोणीस-वीस.

आईचं 'जरा उजळ' आणि लेकीचं 'दोन घरं पुढे' यांच्या मधे जे घडलं ते जाहिरातीचं काम, असं मला वाटतं. घरातला जुनाच टोमणा, पण आता त्याला मोजपट्टी आली, अमुक आठवड्यांची मुदत आली आणि ट्यूबवर छापलेली किंमतही आली.

'फेअर अँड लव्हली'चा प्रवास बघा. हे क्रीम १९७५ सालचं. त्याची एक जाहिरात माझ्या वयाच्या बायकांना नक्की आठवत असेल. बाप म्हणतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. मुलीच्या कानावर ते पडतं, ती क्रीम लावते, हवाई कंपनीत नोकरी मिळवते आणि बापाला कॉफी पाजायला नेते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं या जाहिरातीविरुद्ध आवाज उठवला, तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये ती बंद झाली. मला ती वाईट तर वाटतेच, पण त्याहून जास्त हुशार वाटते. मुलीला नोकरी हवी असते, बापाला आधार हवा असतो, दोन्ही खरंच आहे. मधे फक्त ट्यूब सरकवली. अप्पांनाही मुलगा नव्हता. ती जाहिरात लागली की ते हातातला पेपर तोंडासमोर धरायचे.

सगळ्याच जाहिराती अशा होत्या असं नाही. सर्फच्या ललिताजी आईला फार आवडायच्या. कविता चौधरींनी रंगवलेली ती बाई हिशोबी होती, फटकळ होती, कुणाला लाजत नव्हती. मात्र तिची सगळी हुशारी कपड्यांच्या बादलीपाशी येऊन संपायची, हे आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तेवढी तरी दाखवली ना."

नियमही आले. जाहिरात मानक परिषद ही जाहिरात धंद्यानंच १९८५ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिनं २०१४ मध्ये सांगितलं की सावळ्या रंगाची व्यक्ती दुःखी, किंवा लग्नात-नोकरीत मागे पडलेली दाखवायची नाही. २०१९ मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या कंपनीनं खोक्यावरची ती रंगछटांची पट्टी काढली. २०२० मध्ये अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटलं, जगभर अशा क्रीमांवर टीका झाली आणि 'फेअर'चं 'ग्लो' झालं. बातमी वाचून मला हसू आलं. आमच्या काउंटरवरच्या आया पस्तीस वर्षांपूर्वी हेच म्हणत होत्या, 'उजळ'. कंपनी फिरून त्यांच्याच शब्दावर आली.

जाता जाता आमच्या धंद्याचंही सांगते, कारण कॅमेराही साधा नाही. रंगीत छपाई नीट जुळवायला कोडॅक लॅबना एक नमुना फोटो द्यायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. वर्षानुवर्षं त्यावर गोरी बाईच असायची. तिची कातडी नीट आली की मशीन बरोबर. गडद रंग त्या फिल्मवर नीट उमटत नसत, आणि याबद्दल कंपनीकडे कुरकुर केली ती लाकडी फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी. त्यांच्या जाहिरातींत माल नीट दिसेना.

माझ्या स्वतःच्या स्थळाच्या फोटोची वेळ आली तेव्हा अप्पांनी दोन प्रती काढल्या. एक चकती धरून, एक न धरता. दोन्ही आईपुढे ठेवल्या. आईनं कुठली पाठवली ते सांगायला नको. पाहायला आले त्या दिवशी पोहे झाल्यावर मुलाच्या मावशीनं पर्समधून फोटो काढला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "फोटोत बरीच उजळ आलीयेस गं." मी बशा गोळा करायला लागले. अप्पा म्हणाले, "फोटो मीच काढलाय."

ते स्थळ जमलं नाही, बरंच झालं.

आता स्थळाचे फोटो कुणी स्टुडिओत काढत नाही. बहुतेक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात चेहरा उजळ आणि गुळगुळीत करायची सोय असते, अनेकांत ती आधीपासून चालूच असते. माझ्याकडे येतात त्या परीक्षेच्या फॉर्मसाठी, आणि तिथे मी काहीही न करता आहे तसा फोटो देते. परवा एक मुलगी आली होती, सावळी, चुणचुणीत. स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा तिनं बराच वेळ पाहिला, मग शेजारी फोन धरून त्यातला पाहिला.

"काकू, तुमच्या कॅमेऱ्यात काही बिघाड आहे का?"

मी दुसरा काढला. तोही तसाच आला.