साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दातांसाठी भूल द्यावी का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, सहा दात किडलेत, खुर्चीवर बसवलं की तोंडच उघडत नाही, आणि डॉक्टर म्हणतात भूल देऊन सगळं एकदम करू. घरचे म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत. मी भूलतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या दातांच्या कामासाठी नेहमी भूल देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांचं. दुधाचे पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडायला लागतात, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते, पू होतो, गाल सुजतो, मूल रात्री उठून रडतं. म्हणून नुसतं थांबणं मला पटत नाही. कीड फार खोल नसेल तर मात्र सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावून ती रोखता येते. दात काळा दिसतो, पण ना सुई ना ड्रिल. तुमच्या मुलाच्या किती दातांना हे चालेल, ते आधी विचारा.

आता भूल. नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन देतात तेव्हा मूल जागं असतं, बोलतं, फक्त भीती कमी होते. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. पण त्यासाठी मुलाने मास्क ठेवून नाकाने श्वास घ्यायला हवा. मिडॅझोलाम पाजून गुंगी आणतात, त्याचा अंदाज बांधणं अवघड: कोणी शांत होतं, कोणी उलट जास्त चिडतं, आणि पोटात गेलेलं औषध परत काढता येत नाही. तोंडच न उघडणाऱ्या मुलाचे सहाही दात करायचे असतील, तर ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन एका बैठकीत उरकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण श्वास. दातांचं काम चालतं त्याच वाटेने मूल श्वास घेतं, आणि तिथेच पाणी, रक्त, कापूस असतो. पूर्ण भूल देताना आम्ही बहुतेक वेळा नाकातून श्वासनलिकेत नळी घालतो आणि घशात ओल्या गॉजची पट्टी ठेवतो, म्हणजे वाट सुरक्षित राहते. दवाखान्यातल्या खुर्चीवर नळीशिवाय दिलेल्या गाढ गुंगीची मला जास्त काळजी वाटते. लहान मुलांच्या अंगात ऑक्सिजनचा साठा कमी, तो झरझर उतरतो. बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा पडतो तोवर श्वास अडून थोडा वेळ गेलेला असतो. कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर मात्र प्रत्येक श्वासाला एक उंचवटा उमटतो आणि श्वास अडला की लगेच रेघ सपाट होते. मी त्या रेघेवरून नजर हलवत नाही.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: दात करणाऱ्याखेरीज भूल सांभाळायला वेगळं कोण असेल? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या, त्यात गाढ गुंगी आणि पूर्ण भुलेसाठी असा स्वतंत्र प्रशिक्षित माणूस आवश्यक ठरवलाय. ‘मीच दोन्ही बघतो’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

मेंदूवर परिणामाची भीतीही तुम्ही लिहिलीये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2016 मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिलेल्या भुलेबद्दल होता. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढे आहे. तरी काम किती वेळ चालेल ते विचाराच.

मुलगा घोरत असेल, टॉन्सिल मोठे असतील, नुकता सर्दी-खोकला झाला असेल तर आधीच सांगा. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. यात कुणाची गय करू नका. निघताना आजीने मायेने बिस्किट भरवलं आणि मी केस पुढे ढकलली, असं झालंय. पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

जागा होताना तो खूप रडू शकतो, ओळख न दाखवता हातपाय झाडू शकतो. बहुतेक मुलं थोड्या वेळात शांत होतात. ओठ-गाल बधिर असतील तोवर चावत नाही ना, ते बघा. घरी दुचाकीवर नेऊ नका. गाडीत एकाने नुसतं त्याच्याजवळ बसायचं. झोप लागून हनुवटी छातीवर टेकली तर श्वास अडतो, तेव्हा मान सरळ धरायची.