विमानतळावर वीजबिलाचा मीटर असतोच, मग पॉवर क्वालिटी मीटर वेगळा कशाला लावतात?

बिलाचा मीटर युनिटं मोजतो, वीज कशी आली ते सांगत नाही. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तीन-चार आवर्तनं व्होल्टेज खाली गेलं तर दिवे नुसते लुकलुकतात, पण सामानाचे पट्टे चालवणारे ड्राइव्ह (मोटरचे नियंत्रक) ट्रिप होऊन बंद पडू शकतात. बिलात याचा मागमूस नसतो, पॉवर क्वालिटी मीटर मात्र ते टिपतो.

दुसरी डोकेदुखी हार्मोनिक्सची, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जास्तीच्या लहरींची. चिलर-पंपांच्या मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी, यूपीएस, एलईडी, उभ्या विमानाला ४०० हर्ट्झची वीज देणारे कन्व्हर्टर, सगळे करंटचा आकार बिघडवतात. धावपट्टीच्या दिव्यांचं सर्किट सहसा ६.६ अँपिअरचं, एकसर (सीरिज). त्याचा थायरिस्टरवाला (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर दिवे मंद केले की जास्तच घाण करतो! शिवाय तिसरा हार्मोनिक (१५० हर्ट्झचा) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत, बेरजेनं जमतो. फेजचे आकडे ठीक दिसतात आणि न्यूट्रल मात्र तापलेला असतो.

म्हणून मुख्य इनकमरला, म्हणजे वीज आत येते तिथे, आयईसी ६१०००-४-३० या मानकाच्या क्लास ए चा (सर्वात अचूक वर्गाचा) मीटर हवाच. बाकी फीडरना (आतल्या शाखांना) साधे सब-मीटर चालतील, फक्त सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. नाहीतर बिघाड आधी कुठे झाला यावरच वाद.

अर्थात मीटर लावणं सोपं, नोंद वाचून काम करणं अवघड. मार्च २०२५ मध्ये नॉर्थ हाइड सबस्टेशनच्या आगीमुळे लंडनचं हीथ्रो विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिलं. तिथल्या जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगमधल्या (तार आत नेणाऱ्या इन्सुलेटरमधल्या) तेलात ओलावा वाढल्याचं २०१८ च्याच तपासणीत आढळलं होतं.