‘आर्मा ३’ ठेवायचा की परत करायचा? आणि त्याच्याबद्दलची मतं इतकी टोकाची का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ‘आर्मा ३’ हा संगणकावरचा लष्करी गेम घेतला. रिव्ह्यू वाचले तर एक जण म्हणतो, असा लष्करी शूटर पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, नुसतं चाला आणि मरा, वर गेम अडखळतो तो वेगळाच. स्वतः दीड तास खेळून पाहिलं, त्यातली वीस मिनिटं माळावरून धावण्यात गेली आणि गोळी कुठून आली ते कळायच्या आत मिशन संपलं. आता काय करावं?

स्टीमवर, म्हणजे जिथून गेम विकत घेतला त्या ऑनलाइन दुकानात, परत करायचा तर खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत करावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात अर्धा तास आहे. तो कॅम्पेनमध्ये, म्हणजे गोष्टीच्या ओळीने येणाऱ्या मिशनांत, घालवू नका. कशात घालवायचा ते सांगतो, पण आधी त्या गोळीबद्दल बोलू. या गेमवरून जी भांडणं होतात त्यांचं मूळ तिथेच आहे.

इथे ट्रिगर दाबला आणि समोरचा पडला, असं होत नाही. गोळी हवेतून जाते, वेग गमावते, खाली येते. आवाजालाही पोचायला वेळ लागतो, तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रायफलची गोळी नळीतून निघताना आवाजाच्या अडीच पटीच्या आसपास वेगात असते. त्यामुळे ५०० मीटरवरून कुणी तुमच्यावर गोळी झाडली, तर बंदुकीचा आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ दीड सेकंद लागतो आणि गोळी त्याच्या निम्म्या वेळात पोचलेली असते. नेम चुकला तर आधी कानाजवळ ‘तड्’ असा आवाज होतो, तो गोळीने हवा कापल्याचा. मग दुरून बंदुकीचा ‘धप्’ असा आवाज येतो. नवा खेळाडू पहिल्या आवाजाकडे वळतो आणि फसतो. तो आवाज गोळीच्या वाटेवरचा असतो. शत्रू दुसऱ्या आवाजाच्या दिशेला असतो. दोन्हींच्या मधला वेळ मोजायची सवय लागली की अंतरही कळायला लागतं, अर्धा सेकंद म्हणजे साधारण ३०० मीटर. आणि पहिलीच गोळी लागली तर यातलं काहीच ऐकू येत नाही. तुमचं तेच झालं.

त्या मरणाचं कारण शेवटच्या सेकंदात शोधलंत तर सापडणार नाही. ते आधीच्या वीस मिनिटांत आहे. कुठून चाललात, कुठे थांबलात, उघड्या शेतातून गेलात की बांधाच्या कडेने, हे सगळं तेव्हा ठरत होतं. मी २००१ साली ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’पासून हे गेम खेळतोय. तोही याच बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह या चेक कंपनीचा, ‘आर्मा’ मालिकेचा मूळपुरुष. तरी ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. मी कायम डोंगराच्या धारेवरून चालायचो, तिथून लांबवरचं दिसतं म्हणून. एका रात्री आमचा स्क्वॉड लीडर रेडिओवर शांतपणे म्हणाला, “तुला जे जे दिसतंय, त्या सगळ्यांना तू दिसतोयस. पाच मीटर खाली ये.” धारेच्या जरा खालून, उताराला धरून चालायला लागलो, आणि त्या दिवसापासून माझ्यासाठी गेम बदलला. नेमबाजी होती तेवढीच राहिली, पण मी जगायला लागलो.

म्हणून ‘चालण्याचा गेम’ ही टीका मला अर्धी खरी वाटते. मुख्य नकाशा, आल्टिस, २७० चौरस किलोमीटरचा आहे, ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलेला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये मेलात तर काही सेकंदांत पुन्हा लढाईत असता, त्यामुळे मरण स्वस्त असतं आणि ते त्या गेमला शोभतं. इथे मेलात की अर्धा तास वाया जातो. त्या भीतीनेच माणूस कुंपणाआडून डोकावतो, दुर्बीण काढतो, सोबत्याला ‘थांब’ म्हणतो. अंतर कमी केलं तर हे सगळं नाहीसं होईल. पण हेही मान्य करतो की एकट्याने खेळताना, वाटेत कुणाशी बोलायला नसताना, तेच अंतर कंटाळवाणं होतं. टीका करणारे बहुतेक जण एकट्याने खेळलेले असतात आणि त्यांच्या अनुभवाला ते प्रामाणिक असतात.

इथून रिव्ह्यूंकडे या. स्टीमवर रिव्ह्यूच्या शेजारी तास लिहिलेले असतात, ते आधी बघा, मग तारीख बघा. १२ सप्टेंबर २०१३ ला गेम आला तेव्हा त्यात कॅम्पेनच नव्हतं. ते तीन भागांत आलं, शेवटचा भाग मार्च २०१४ मध्ये. त्या काळात चिडून लिहिणाऱ्यांची चीड रास्तच होती, पण तो गेम आता कुणाच्याच संगणकावर नाही. मग माणूस नक्की काय खेळलाय ते ओळखा, कारण या एका नावाखाली वेगवेगळे गेम नांदतात. कुणी फक्त ‘किंग ऑफ द हिल’च्या सर्व्हरवर असतो, जिथे धुमश्चक्री चालू असते. कुणी ‘आल्टिस लाइफ’मध्ये टॅक्सी चालवतो आणि पोलिसांपासून पळतो. कुणी वर्षानुवर्षं फक्त एडिटरमध्ये मिशनं रचतो. आणि कुणी आठवड्यातून एक रात्र ठरलेल्या चाळीस माणसांबरोबर खेळतो. चौघांच्या तारीफीत आणि तक्रारीत समान काही नसतं. तीन हजार तास लिहिलेला माणूस ‘सर्वोत्तम’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक शेवटच्या दोघांपैकी असतो, आणि दीड तासात तुमची त्या गेमशी गाठच पडलेली नाही.

त्या चौथ्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव त्यात अडकलाय. एका मिशनमध्ये मी मेडिक होतो. पहिली पन्नास मिनिटं एकही गोळी झाडली गेली नाही. आम्ही रेडिओचा असा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) वापरतो की मध्ये डोंगर आला तर आवाज तुटतो. लीडर टेकडीपलीकडे गेला आणि त्याचं बोलणं खरखरीत विरून गेलं. मग मला धारेवर पडून राहायला सांगितलं, दोन्हीकडचे निरोप इकडून तिकडे द्यायला. तेवढ्यात गावाच्या कडेला आमचे तिघे पडले. ‘एस’ नावाचा मॉड असेल तर जखमी माणूस बटण दाबून उभा राहत नाही. आधी हातापायाला आवळपट्टी बांधून रक्त थांबवायचं, मग जखमा बांधायच्या, नाडी बघायची, सलाईन लावायचं, आणि हे सगळं होईपर्यंत कुणीतरी धूर टाकून आडोसा करायचा. दोघं वाचले. तिसऱ्यापर्यंत मी उशिरा पोचलो, कारण निरोप देत बसलो होतो आणि लीडरला ‘आता मी निघतो’ म्हणायला कचरलो. त्या संध्याकाळी मी एकूण तीन गोळ्या झाडल्या. हे होऊन काही वर्षं झाली, तरी त्या तिसऱ्या सोबत्याचा ‘मेडिक कुठंय?’ असा आवाज मला आठवतो. दुसऱ्या कुठल्याही शूटरमधला एकही सामना मला असा आठवत नाही.

गट मिळाला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. एका गटात मी महिनाभर टिकलो. तिथे नव्या माणसावर ओरडणं म्हणजेच शिस्त अशी समजूत होती, आणि तीन नवखे तिथूनच गेम सोडून गेले. चांगला गट ओळखायची खूण एकच सांगतो. नवखा चुकल्यावर त्याच्याशी कोण कसं बोलतं, तेवढं ऐका.

आता टीकाकारांचं जिथे बरोबर आहे तिथे सरळ मान्य करू. गेम अडखळतो ही तक्रार खरी आहे. सिम्युलेशनचा बराच भार प्रोसेसरच्या एका कोअरवर पडतो, त्यामुळे भारी ग्राफिक्स कार्ड घातलं तरी फरक बेताचा पडतो. सेटिंगमध्ये दृश्याचं एकूण अंतर अडीच-तीन हजार मीटरवर आणि वस्तूंचं अंतर दीड हजाराच्या आसपास आणा, टेक्स्चर कमी करून फारसं काही हाती लागत नाही. मल्टिप्लेअरमध्ये सर्व्हर दमलेला असला तर तुमच्याकडून करण्यासारखं थोडंच उरतं. एआयचं, म्हणजे संगणक चालवतो त्या सैनिकांचं, वागणंही विचित्र आहे. मोकळ्या मैदानात ते वेढा घालून येतात, ते बघण्यासारखं असतं. इमारतीत शिरले की मात्र गोंधळतात, गाडी चालवायला दिली तर पुलावर अडकतात. आणि मूळ सेटिंगवर दुरून इतका अचूक नेम धरतात की नवख्याला फसवल्यासारखं वाटतं. यावर उपाय आहे. अडचणीच्या (डिफिकल्टी) सेटिंगमध्ये एआयचं कौशल्य आणि नेमाची अचूकता वेगवेगळी कमी-जास्त करता येते. कौशल्य तसंच ठेवा, अचूकता बरीच खाली आणा. मग ते हुशारीने हालचाल करतात, पण गोळ्या आधी तुमच्या आसपास पडतात आणि वर सांगितलेलं ते कानाने शोधणं शिकायला वेळ मिळतो. किबोर्डचं म्हणाल तर सगळी बटणं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. ऑल्ट धरून मान वळवणं, कंट्रोलबरोबर उभं राहण्याची उंची बदलणं, आणि पेज-अप, पेज-डाउनने रायफलचा नेम अंतराप्रमाणे लावणं, एवढ्यावर पहिला महिना निघतो.

२०३५ सालचं काल्पनिक युद्ध अनेक जुन्या खेळाडूंना रुचलं नाही, मलाही सुरुवातीला नाही. मॉडमुळे तो प्रश्न उरला नाही. स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे स्टीमवरच्या मॉडच्या दालनात, तुम्हाला हवा तो काळ सापडतो.

एका स्तुतीला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘खरं युद्ध असंच असतं’ असं काही जण अभिमानाने लिहितात. तसं लिहू नये. खुर्चीवर बसून खेळणाऱ्याला अंतर, आवाज, गोंधळ यांची थोडी समज येते, एवढंच. या गेमची दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून पसरवली जातात आणि लोक फसतात. शेवटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीलाच निवेदन काढून अशी दृश्यं कशी ओळखायची ते सांगावं लागलं. ज्यांना हा गेम आवडतो त्यांनी तरी या बाबतीत जबाबदारीने बोलावं. आणि याच गेममध्ये २०१७ साली आलेलं ‘लॉज ऑफ वॉर’ हे डीएलसी (मूळ गेमला नंतर आलेली जोड) आहे, ज्याचा उल्लेख रिव्ह्यूंमध्ये मला फारच कमी दिसतो. त्यातल्या छोट्या कॅम्पेनमध्ये तुम्ही सैनिक नसता. युद्ध संपल्यावर ओरेओकास्त्रो नावाच्या उद्ध्वस्त गावात सुरुंग काढणाऱ्या मदत संस्थेचे माणूस असता, आणि तिथे काय घडलं ते वेगवेगळ्या बाजूंच्या डोळ्यांनी उलगडत जातं. त्याच्या २०१७ मधल्या निव्वळ उत्पन्नाचा निम्मा वाटा रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला दिला गेला. लष्करी गेममध्ये इतकं विचारपूर्वक केलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. गेम ठेवलात तर हे नक्की खेळा.

कुणीतरी तुम्हाला ‘त्यापेक्षा रिफॉर्जर घे’ असंही सुचवलंय. ‘आर्मा रिफॉर्जर’ २०२२ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला, आला, नव्या इंजिनवर, शीतयुद्धाच्या काळातला, आणि त्यातलं एव्हरॉन बेट २००१ च्या त्या पहिल्या गेममधलं आहे. ते पुन्हा पाहून माझा गळा दाटला होता. हाताळायला तो सफाईदार आहे. पण एकट्याने खेळायला त्यात बरंच कमी आहे आणि ‘आर्मा ३’चे मॉड त्यात चालत नाहीत. मित्र आहेत आणि लगेच मल्टिप्लेअरच खेळायचंय, तर तो घ्या. एआयविरुद्ध आपल्या गतीने शिकायचंय, स्वतःची मिशनं रचायची आहेत, तर ‘आर्मा ३’च.

आता तुमचा अर्धा तास. एडिटर उघडा, स्ट्रॅटिस हा लहान नकाशा घ्या, एखाद्या उतारावर मोठा खडक बघून त्याच्यामागे स्वतःचा सैनिक ठेवा. समोरच्या उतारावर ३०० मीटरवर शत्रूचा एक लहान गट ठेवा. एआयची अचूकता तळाला आणा. मिशन सुरू करा आणि पहिली पाच मिनिटं गोळी झाडू नका. हेडफोन लावून खडकामागे पडून राहा. त्यांना झाडू द्या. ‘तड्’ आणि ‘धप्’ यांच्यामधला वेळ मोजा, कुठून झाडतायत ते मान न काढता ओळखायचा प्रयत्न करा. ते दोन्ही बाजूंनी सरकायला लागतील तेव्हा आवाज कसा फिरतो ते ऐका. मग जागा बदलून, त्यांना अपेक्षा नसेल त्या बाजूने डोकं काढा आणि तुम्ही ठरवलेल्या ठिकाणी खरंच कुणी आहे का ते बघा.

बरोबर निघालं आणि मनात काहीतरी हललं, तर गेम ठेवा आणि मला कळवा, तुम्हाला एका शांत गटाशी जोडून देतो. पाच मिनिटांतच वैतागलात, तर बिनदिक्कत परत करा.