घानाचा नकाशा शिकताय? आधी पाणी काढा

प्रदेश, सीमा, शहरं सगळं एका दमात पाठ करू नका, दोन दिवसांत विसराल. कोरा कागद घ्या आणि फक्त पाणी काढा. उत्तरेकडून येणाऱ्या ब्लॅक व्होल्टा आणि व्हाइट व्होल्टा, त्यांचं पाणी जिथे साठतं तो व्होल्टा जलाशय, आणि तिथून गिनीच्या आखातापर्यंतची नदी. एवढं हाताला बसलं की बाकीचा देश आपोआप जागेवर बसतो.

नवशिके हमखास चुकतात त्या दोन जागा:

- व्होल्टा जलाशय नैसर्गिक समजणं. तो 1965 साली पूर्ण झालेल्या अकोसोंबो धरणामुळे तयार झाला. क्षेत्रफळ सुमारे 8,500 चौरस किलोमीटर. नैसर्गिक सरोवर हवं असेल तर कुमासीजवळचं बोसुमत्वी बघा, ते उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. आपल्या लोणारसारखंच!

- किनारा म्हणजे सगळीकडे धो धो पाऊस, हे गृहीत धरणं. इथे कोकणाचा हिशेब लावू नका. नैर्ऋत्येच्या ॲक्सिमला वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तर त्याच किनाऱ्यावरच्या आक्राला जेमतेम 800. आक्राकडे किनारा ईशान्येला वळतो, पावसाळी वारे त्याला जवळपास समांतर वाहतात. शिवाय तिथे समुद्राचं गार पाणी वर येतं. हे कारण नकाशावर बाण काढूनच समजून घ्या, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही.

डोंगर फार छळणार नाहीत. सर्वात उंच अफाजाटोसुद्धा 900 मीटरच्या आतच, टोगोच्या सीमेलगत.

खडक, माती, हरमॅटन (सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा) सध्या राहू द्या. आधी पाण्याचा नकाशा न बघता काढून दाखवा, मग पुढचं सांगतो.